जे-२४ की कॉन्टेसा २६? गोव्यात जुनी फायबरची शिडाची बोट घेणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस ओसरला की हे प्रश्न माझ्याकडे यायला लागतात. काही फोनवर येतात, काही निरोपांतून, तर काही मांडवीकाठच्या बेतीला उभ्याउभ्याच. मी फायबरची कामं करतो आणि शिडाच्या बोटी चालवतो, त्यामुळे ‘कोणती घेऊ?’ हे मला दर हंगामात ऐकावं लागतं. तेच तेच पुन्हा सांगण्यापेक्षा इथे एकदा सविस्तर लिहितो. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. जुन्या बोटी तर कितीतरी आहेत. तुम्ही याच दोघींबद्दल का बोलता?

कारण विचारणारा कुठूनही सुरुवात करो, शेवटी तो या दोन टोकांपैकी एकाकडे येतो. जे-२४ ही शर्यतीच्या टोकाची बोट. अमेरिकेत कनेटिकटमध्ये रॉड जॉन्स्टन यांनी घरच्या गॅरेजात ‘रॅगटाइम’ नावाची बोट बांधली आणि ती १९७६ साली पाण्यात उतरली. १९७७ पासून तिच्यासारख्या बोटी कारखान्यात बनू लागल्या. जगभरात त्या ५,००० च्या वर बनल्या, म्हणून जुन्या बाजारात ही बोट सहज दिसते. कॉन्टेसा २६ भटकंतीच्या टोकाची. ती इंग्लंडमधल्या लिमिंग्टनची. १९६६ साली जेरेमी रॉजर्स आणि डेव्हिड सॅडलर यांनी फोकबोट नावाच्या जुन्या लाकडी शिडाच्या बोटीच्या वळणावर ती काढली. पुढे कॅनडातही बनली.

२. दोघींची मापं एकदा शेजारी ठेवाल का?

जे-२४ ची लांबी ७.३२ मीटर, रुंदी २.७२ मीटर, वजन सुमारे १,४०० किलो आणि त्यात कीलचं, म्हणजे बुडाखालच्या जड पात्याचं, वजन ४३० किलो. कॉन्टेसा २६ ची लांबी ७.७७ मीटर, रुंदी २.२९ मीटर, वजन सुमारे २,४५० किलो आणि कीलमधलं ओझं १,०४० किलोच्या आसपास. गंमत म्हणजे दोघी पाण्याखाली सारख्याच जातात, १.२२ मीटर, म्हणजे चार फूट. मांडवीत उभं राहण्याच्या दृष्टीने दोघींना तेवढंच पाणी लागतं. गोव्यात भरती-ओहोटीचा फरक साधारण दोन मीटरपर्यंत जातो. त्यामुळे मूरिंगची, म्हणजे बोट नांगरून बांधायची, जागा उधाणाच्या ओहोटीला मोजा, भांगाच्या दिवशी मोजून फसू नका.

३. लांबी आणि खोली जवळपास सारखी, मग वागण्यात एवढं अंतर का?

वजनामुळे आणि वजन कुठे आहे त्यामुळे. कॉन्टेसाच्या एकूण वजनातला सुमारे ४३ टक्के भाग कीलमध्ये आहे, जे-२४ चा ३१ टक्के. कॉन्टेसाला आपल्या गलबताच्या पठाणासारखी, म्हणजे तळाच्या लांब लाकडासारखी, लांब कील आहे आणि सुकाणू त्या कीलच्याच मागच्या कडेला टांगलेलं. जे-२४ ची कील माशाच्या परासारखी आखूड, सुकाणू पार मागे, बोटीच्या मागच्या सपाट फळीवर. एक वळते तेव्हा अख्खी बाजू पाणी ढकलते, दुसरी टाचेवर गिरकी घेते.

पाण्यावरची लांबी पाहून बोटीचा कमाल वेग काढायचं एक जुनं गणित आहे. त्यात जे-२४ ला ६ नॉट्स (ताशी ६ सागरी मैल) मिळतात आणि कॉन्टेसाला ६.१. म्हणजे कागदावर कॉन्टेसाच पुढे. पाण्यावर मात्र हलकी जे-२४ मागून वारा मिळाला की लाटेच्या पाठीवर चढून हे गणित मोडते. कॉन्टेसा मोडत नाही, ती आपल्याच लाटेच्या खड्ड्यात बसून शांतपणे चालत राहते.

मांडवीच्या मुखाशी, आग्वाद आणि काबोच्या मध्ये, दुपारी ओहोटीचं पाणी बाहेर येतं आणि समुद्राकडचा खारा वारा समोरून आत येतो. दोघे भिडले की तिथे आखूड, उभ्या लाटा उठतात. त्या पट्ट्यातून दोन्ही बोटी नेल्या की फरक पाठीच्या कण्याला कळतो. जे-२४ चं सपाट पोट प्रत्येक लाटेवर आपटतं. कॉन्टेसा नाळ, म्हणजे पुढचं टोक, खुपसते, पाणी डेकवर घेते आणि पुढे जाते.

४. मला शिडाचं काहीच येत नाही. शिकायला कोणती बरी?

शिकण्यासाठी जे-२४, पण सोबत जाणता माणूस हवा. तुमची चूक ती लगेच सांगते: शीड ढिलं राहिलं की वेग पडतो, जास्त ओढलं की बोट कलंडते. कॉन्टेसा चुका पोटात घालते. त्यामुळे तिच्यावर माणूस सुखरूप राहतो, पण हात तयार व्हायला वेळ लागतो. खरं तर दोघींच्याही आधी एक हंगाम डिंगीवर, म्हणजे छोट्या उघड्या शिडाच्या होडीवर, घालवा.

५. माझं पाण्यावर जाणं म्हणजे रविवारची दुपार, फार तर तीन तास. मग?

मग जे-२४. डिसेंबर ते मे या काळात दुपारी वायव्येकडून खारा वारा येतो, आणि मार्चनंतर त्याला चांगला जोर असतो. दोना पावलाच्या समोरच्या खुल्या पाण्यात तो सूर्य मावळेपर्यंत साथ देतो. या तीन तासांत जे-२४ जो आनंद देते तो कॉन्टेसा देणार नाही, हे मी कॉन्टेसाचा चाहता असूनही सांगतो. एकच अट: माणसं हवीत. शर्यतीत जे-२४ वर सहसा पाच जण असतात आणि नियमाने त्यांचं एकूण वजन ४०० किलोंच्या आत ठेवावं लागतं. हे वजन वाऱ्याच्या बाजूला कडेवर बसवलं तरच बोट सरळ राहते. दर रविवारी चार मित्र येतील याची खात्री नसेल तर प्रश्न १० वाचा.

६. शर्यतीसाठी जे-२४ घेतली तर ती जिंकेल ना?

जे-२४ ची खरी किंमत तिच्या जोडीला आणखी जे-२४ असण्यात आहे. सगळ्या बोटी एकसारख्या, शिडं एकसारखी. मग जिंकतो तो चालवणारा. एकटीच असेल तर तिला वेगवेगळ्या बोटींसोबत हँडिकॅपवर पळावं लागतं. बोटीच्या वेगाचा अंदाज बांधून वेळेत सूट देतात, तोच हँडिकॅप. तिथे जुनी शिडं आणि बुडाला चिकटलेली कालवं यांची सूट कुणी देत नाही. घेण्याआधी जवळपास किती जे-२४ नियमित पाण्यात उतरतात ते स्वतः जाऊन पाहा. उत्तर ‘एकही नाही’ आलं, तर दोन-तीन मित्रांनी एकेक बोट घेणं हेच शहाणपणाचं.

७. जे-२४ मध्ये बाल्सा लाकूड असतं आणि ते कुजतं असं ऐकलं. घाबरू का?

घाबरू नका, पण तपासल्याशिवाय पैसेही देऊ नका. फायबरचे दोन पातळ थर आणि मध्ये बाल्सा लाकडाचे ठोकळे, अशी ही सँडविच बांधणी. हलकी आणि ताठ. जे-२४ मध्ये डेकबरोबर बोटीच्या अंगातही बाल्सा आहे, कॉन्टेसाचं अंग मात्र भरीव फायबरचं. बाल्सा कोरडा असेपर्यंत पन्नास वर्षंही टिकतो. पाणी शिरतं ते बहुतेक वेळा माणसाने पाडलेल्या भोकांतून: दोर ओढायचा विंच, रेलिंगचे खांब, दोरी बांधायची क्लीट, डोलकाठीच्या तारा अडकवायची चेनप्लेट. सील सुकतं, फट पडते, आणि आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस त्या फटीला सुट्टी देत नाही.

एक बोट आठवते. वरून पांढरीशुभ्र, नुकतीच पॉलिश केलेली. रेलिंगच्या एका खांबाचे चार स्क्रू मी काढले. तीन कोरडे निघाले. चौथ्याबरोबर कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी वर आलं आणि भिजत घातलेल्या काथ्याचा वास सुटला. भोकात तार घातली तर ती सहा इंच आडवी सरकली, काही अडलंच नाही. मधला बाल्सा दुधात बुडवलेल्या पावासारखा झाला होता. मालकाला यातलं काही ठाऊक नव्हतं, ते खाली बसले आणि बराच वेळ त्या भोकाकडे बघत राहिले.

तपासायची रीत सोपी आहे. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने डेकवर वीतवीत अंतराने ठोका. कोरड्या जागी ‘टक्’ असा खणखणीत आवाज येतो, भिजलेल्या जागी ‘धप्’. अनवाणी चाला, टाचेखाली डेक दबतो का बघा. मॉइश्चर मीटर लावायचा असेल तर आधी गोड्या पाण्याने धुऊन दोन-तीन दिवस उन्हात वाळू द्या, नाहीतर वरच्या मिठामुळेच काटा वर जातो आणि चांगली बोट नाकारली जाते.

तळहाताएवढा भाग भिजला असेल तर वरचा थर कापायचा, सडका बाल्सा काढायचा, वाळवायचं, नवा बाल्सा किंवा फोम बसवून इपॉक्सीने बंद करायचं. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. पावसाळ्यात बंद केलेला डेक म्हणजे आत कोंडलेलं पाणी. सारा डेक ‘धप्’ बोलत असेल किंवा कीलच्या आसपासचं अंग भिजलं असेल, तर ती बोट सोडून द्या.

८. जे-२४ मध्ये आणखी कुठे पाणी मुरतं?

दोन जागा. पहिली कीलच्या वरचा खळगा. सुरुवातीच्या बोटींत तो व्हर्मिक्युलाइट घातलेल्या मिश्रणाने भरलेला असे. ते स्पंजसारखं पाणी धरून ठेवतं. कीलच्या सांध्याला आडवी चीर दिसली किंवा बोट उचलल्यावर कील हलली, तर तिथून सुरुवात करा. दुसरी जागा म्हणजे आतला मुख्य आडवा पडदा. चेनप्लेटच्या फटीतून आलेलं पाणी त्या प्लायवूडवरून उतरतं आणि बुडाशी साचतं. तिथे पेचकस टोचून बघा. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारांचा सगळा ताण त्याच पडद्यावर येतो.

९. कॉन्टेसाच्या बुडावर फोड आहेत. मालक म्हणतात, काही होत नाही. खरं का?

बऱ्याच अंशी खरं. साठ-सत्तरच्या दशकातल्या पॉलिएस्टर बोटींत पाणी हळूहळू आत झिरपतं, न विरलेल्या रसायनांशी मिसळतं आणि जेलकोटखाली, म्हणजे वरच्या गुळगुळीत थराखाली, फुगे येतात. आपल्या उबदार पाण्यात हे लवकर होतं. फोड फोडला की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, डोळे सांभाळा. रुपयाच्या नाण्याएवढे दहा-वीस फोड असतील तर घासून, वाळवून, इपॉक्सी भरून चालतं, कारण खाली जाड भरीव फायबर आहे. पूर्ण बूड पुरळासारखं असेल तर जेलकोट सोलून बोट कित्येक आठवडे वाळत ठेवावी लागते. त्याचा खर्च किमतीतून वळता करून घ्या. कॉन्टेसाचा डेक मात्र बहुतेक बोटींत बाल्साचाच आहे, तेव्हा प्रश्न ७ मधली ठोकाठोक तिथेही करायची.

१०. मी बहुतेक वेळा एकटाच असतो. कोणती?

कॉन्टेसा. सुकाणू बांधून ठेवलं तर ती चहा होईपर्यंत आपली दिशा धरते. जे-२४ वर एकट्याने जाता येतं, पण पुढचं मोठं शीड, जेनोआ, घरी ठेवून, त्याजागी लहान जिब लावून, आणि मेनसेलला, म्हणजे मुख्य शिडाला, आधीच रीफ घालून (ते आखूड करून). म्हणजे ज्यासाठी ती घेतली तेच बाजूला ठेवून.

११. मालवण किंवा कारवारला जाऊन यायचंय. दोघींपैकी कुणाच्या जिवावर जावं?

मी कॉन्टेसा नेईन. आग्वादहून मालवण आणि मुरगावहून कारवार, दोन्ही ४० सागरी मैलांच्या आसपास. भटकंतीचा सरासरी वेग साडेचार नॉट्स धरला तर नऊ तास. कारवारला जाताना दुपारचा वायव्येचा वारा मागून येतो, जाणं सुखाचं आणि परतणं कष्टाचं. मालवणचं याच्या उलट.

उत्तरेकडे जायचं असेल तर आपल्या तांडेलांची जुनी रीत धरा. पहाटे तीन-चारला निघायचं. तेव्हा जमिनीकडून मतलई वाहत असते, समुद्र सपाट असतो आणि आडव्या वाऱ्यावर बोट सरळ उत्तरेला धावते. नऊ-दहाला मतलई पडते. मग तास-दोन तास इंजिन. दुपारी खारा वारा उठेल तेव्हा तुम्ही वेंगुर्ल्याच्या पुढे असायला हवं. या रीतीने चाळीस मैल एका दिवसात होतात. सकाळी दहाला न्याहारी करून निघालात तर अख्खा दिवस वाऱ्याच्या तोंडावर नागमोडी जाऊन संध्याकाळी दमलेले असाल आणि अंतर निम्मंच कापलेलं असेल.

मालवणला सिंधुदुर्गाच्या आसपास खडक विखुरलेले आहेत. अंधारात शिरू नका, पहिल्या खेपेला तिथला माणूस सोबत घ्या. कारवारला नौदलाचा तळ आहे, त्याच्या हद्दीपासून दूर राहा. जे-२४ ने हीच सफर करता येते आणि वेळही कमी लागतो, पण जाताना हवामान खात्याचा आणि इनकॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा अंदाज दोन दिवस स्वच्छ हवा. कारण पुढच्या प्रश्नात आहे.

१२. जे-२४ उलटते का? बुडते का?

जोराच्या झोताने आडवी पडते, आणि सहसा उठते. धोका आडवं पडण्यात नसून उघड्या झाकणांत आहे. सुरुवातीच्या बोटींत कॉकपिटच्या (बोटीत बसायच्या उघड्या खोलगट जागेच्या) बाकाखालच्या पेट्यांची झाकणं घट्ट बसत नसत. आडवी पडलेली बोट त्यातून पाणी प्यायची आणि बुडायची, कारण हिच्यात तरंगत ठेवणारा फोम नाही. म्हणून झाकणांना पक्की कुलपं हवीतच. वारा वाढला की केबिनच्या दाराच्या फळ्याही लावा.

१९७९ च्या फास्टनेट शर्यतीत वादळाने १५ स्पर्धकांचा जीव घेतला. त्यानंतर उलटण्याचा धोका जोखायला एक ढोबळ सूत्र रूढ झालं. त्यात रुंदी आणि वजन घालतात, आणि उत्तर २ च्या खाली आलं तर बोट खोल समुद्राला बरी. मी आकडे घालून पाहिले: कॉन्टेसा २६ चं १.७, जे-२४ चं २.४५. सूत्र सगळं सांगत नाही, पण एवढा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

१३. कॉन्टेसा २६ ने जगप्रदक्षिणा झाली आहे. मग मीही गोव्याहून निघू का?

झाली आहे. तानिया एबी ही अमेरिकन मुलगी १९८५ साली अठराव्या वर्षी ‘वरुणा’ नावाच्या कॉन्टेसा २६ मधून न्यूयॉर्कहून निघाली आणि १९८७ मध्ये परतली. बोटीचं नाव आपल्या समुद्रदेवाचं, हे मला नेहमी जवळचं वाटतं. पण वरुणा मुक्काम घेत, तयारीने गेली होती. आपल्याकडच्या प्रदक्षिणा पाहा. ‘म्हादेई’ ५६ फुटी, दिवाडी बेटावर बांधलेली. तिच्यातून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने जग फिरून आले आणि अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता. तिची बहीण ‘तारिणी’ २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी पणजीहून घेऊन गेल्या आणि पणजीलाच परतल्या. त्या बोटींमागे अख्खं नौदल होतं. तुमचं पहिलं उद्दिष्ट मुंबई असू द्या, सुमारे २१५ सागरी मैल. ते दोनदा केलंत की मग बोलू.

१४. कुटुंबाला रात्री मुक्कामाला न्यायचंय. झोपता येतं का?

दोघींतही चार जण आडवे होऊ शकतात, आरामात दोन. जे-२४ मध्ये फक्त बसता येतं. कॉन्टेसातही मान वाकवावी लागते, पण स्टोव्ह, सामानाची जागा आणि घर असल्याची जाणीव आहे. मुलं लहान असतील तर कॉन्टेसाचं खोल कॉकपिट फार मोलाचं.

१५. इंजिनाचं काय?

मांडवीत फेरीबोटी आडव्या जातात, बार्ज येतात-जातात, कसिनोची जहाजं उभी असतात. वारा पडला आणि ओहोटी ओढू लागली की इंजिनाशिवाय तुम्ही कुणाच्याही अंगावर जाल. जे-२४ ला मागे चार-पाच हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड लागतं, ते लांब शाफ्टचंच घ्या. आखूड शाफ्ट लाटेत हवेत फिरतो. बऱ्याच कॉन्टेसांत आत डिझेल इंजिन असतं. ते थंड ठेवणाऱ्या पाण्याचा गाळणा नदीच्या गाळाने भरतो, दर खेपेला उघडून बघा. कॉन्टेसा उलटी चालवायची असेल तर देवाचं नाव घ्या: लांब कीलमुळे रिव्हर्समध्ये ती सुकाणूचं ऐकत नाही. धक्क्याला लागताना परतीची वाट समोरच्या बाजूने ठेवा.

१६. मासेमारीची जाळी अडकतात का?

जे-२४ मध्ये जास्त. कील आणि सुकाणू यांच्यामध्ये दोरी नेमकी बसते. कॉन्टेसा बहुतेक वेळा जाळ्यावरून घसरून जाते. पण इथे बोटीचा विचार नंतरचा. ते जाळं कुणाच्या तरी महिन्याची कमाई आहे. थर्मोकोलचे तरंगते तुकडे दिसले की लांबून वळा, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर किनाऱ्यापासून दूर राहा, आणि अडकलंच तर सुरी काढण्याआधी शिडं उतरवून सोडवायचा प्रयत्न करा. कापावं लागलं तर मालकाला शोधून भरपाई द्या.

१७. पावसाळ्यात बोट कुठे ठेवायची?

घेण्याआधी विचारायचा हा पहिला प्रश्न, पण लोक तो शेवटी विचारतात. जून ते सप्टेंबर मांडवीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात. जून-जुलैत गोव्यात यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. या काळात बोट जमिनीवर हवी.

क्रेन मेच्या शेवटच्या आठवड्याची ठरवू नका. तौक्ते वादळ १६ मे २०२१ रोजी गोव्याजवळून गेलं तेव्हा ‘अजून पंधरा दिवस आहेत’ म्हणणाऱ्यांच्या बोटी मूरिंगवर होत्या. दहा मेपर्यंत वर काढा. जे-२४ चं वजन कमी, त्यामुळे छोटी क्रेन पुरते. कॉन्टेसाला मोठी लागते, पण तिची लांब कील ओंडक्यांवर छान टेकते. जे-२४ ला नीट पाळणा हवा, नाहीतर आधाराच्या पॅडखाली बाल्सा चेपतो.

नाळ थोडी वर ठेवा, म्हणजे कॉकपिटमधलं पाणी मागे वाहून जाईल. माडाखाली बोट कधीही लावू नका, एका नारळाने डेकला ताऱ्यासारखा तडा पडतो आणि तिथून पुढे काय होतं ते प्रश्न ७ मध्ये आहे. गाद्या, शिडं, दोऱ्या घरी न्या. आतली सगळी झाकणं उघडी ठेवा. ताडपत्री अंगाला घट्ट गुंडाळली तर आत बुरशीचं रान माजतं. मी बांबूचा सांगाडा उभारून वर चुडतांची झापं घालतो आणि त्यावर ताडपत्री. खालून वारा खेळतो. दर आठवड्याला एकदा जाऊन कॉकपिटच्या भोकातली पानं काढायला माणूस हवा. तो माणूस आणि ती जागा ठरली नसेल, तर दोन्हींपैकी कुठलीही बोट घेऊ नका, एका पावसाळ्यात तिचं वय दहा वर्षांनी वाढेल.

१८. इथे दुरुस्ती करणारे मिळतात का?

फायबरचे कारागीर आहेत, कारण मासेमारीच्या होड्या आता फायबरच्या आहेत. हात सफाईचे, पण त्यांना जाड थर द्यायची सवय. शर्यतीच्या बोटीवर जादा किलोभर रेझिनही नको असतं. काम चालू असताना शेजारी उभे राहा. डोलकाठीच्या तारा आणि शिडं बहुधा बाहेरून मागवावी लागतात. स्टीलच्या तारा दहा-पंधरा वर्षं जुन्या असतील तर बदलायच्याच, वरून चकचकीत असल्या तरी. आपल्या खाऱ्या हवेत त्या टोकाला दाबून बसवलेल्या नळीच्या आत तुटतात.

१९. मुंबईहून ट्रकवर आणता येईल का?

कॉन्टेसा सहज येते. जे-२४ ची रुंदी २.७२ मीटर आणि रस्त्यावरच्या वाहनाची नियमातली रुंदी २.६ मीटर, म्हणजे जादा रुंदीच्या मालाची परवानगी लागते. ती न काढता निघालात तर वाटेत थांबाल. हिवाळ्यात समुद्रमार्गे दक्षिणेला आणणं सोपं, वारा मागून असतो.

२०. एका परदेशी भटक्याची कॉन्टेसा स्वस्तात मिळतेय. घेऊ का?

थांबा. परदेशी झेंड्याची बोट तात्पुरती आलेली असते आणि तिच्यावर कस्टम ड्युटी भरलेली नसते. विक्री झाली की ती जबाबदारी समोर उभी राहते आणि स्वस्ताई संपते. कस्टमची कागदपत्रं, मालकीची पावती, आधीची नोंदणी हे सगळं कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या पणजीतल्या कार्यालयात दाखवून विचारा आणि मगच बयाणा द्या. तोंडी आश्वासनावर एक रुपयाही देऊ नका.

२१. एकाच बोटीत दोन्ही हवं असेल तर? शनिवारी शर्यत, सुट्टीत सफर.

तर जे-२४ घ्या आणि सफरी लहान ठेवा: शापोरा, तेरेखोल, फार तर बेतूल. सफरीसाठी जादा बॅटरी, पाण्याचा डबा, स्टोव्ह घाला. शर्यतीआधी ते सगळं उतरवा. कायमचं बसवलंत तर बोट जड होते आणि दोन्हीकडची मजा जाते. कॉन्टेसाने शर्यतीत उतरण्याचा उलट प्रयोगही मी केला आहे. हलक्या वाऱ्यात ती मागे राहते, पण मार्चअखेरीस वारा वीस नॉट्सच्या पुढे गेला आणि बाकीचे शिडं उतरवू लागले की ती कुठलीही धावपळ न करता एकेकाला गाठते. वर्षातून असे दिवस थोडेच.

२२. अडचणीत कुणाला हाक मारायची?

व्हीएचएफवर, म्हणजे बोटीच्या रेडिओवर, चॅनल १६, मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दल १५५४. हातातला व्हीएचएफ वॉटरप्रूफ घ्या आणि अंगावर बांधा, केबिनमध्ये ठेवू नका.

२३. नारळीपौर्णिमेला बोट पाण्यात उतरवली तर चालेल का? घरच्यांची तशी इच्छा आहे.

नारळ जरूर वाहा, काठावरून. बोट मात्र थांबवा. नारळीपौर्णिमा ऑगस्टमध्ये येते, त्या वेळी ट्रॉलर मोठ्या इंजिनाच्या जोरावर मुखातून बाहेर पडतात आणि तेही वेळ बघून. चार-पाच हॉर्सपॉवरची जे-२४ किंवा जुनं डिझेल असलेली कॉन्टेसा त्या दांड्यावर अडकली तर लाट तिला आडवी करते. तुळशीचं लग्न होईपर्यंत किरकोळ डागडुजी उरका आणि बुडाला कालवं चिकटू न देणाऱ्या अँटिफाउलिंग रंगाचे दोन हात द्या. पहिल्या दिवशी भरतीच्या शेवटच्या तासाला आग्वादपर्यंत जाऊन परत या. आतल्या पडद्याच्या बुडाशी आणि चेनप्लेटखाली कोरडं फडकं ठेवून निघा. परतल्यावर ते ओलं झालंय का ते आधी बघा.